आईच्या औषधांची ओळ

शर्मिला, अनिरुद्ध,

टेबलावरचा तुमचा हिशोब मी वाचला. विचारून वाचायला हवा होता, पण चष्मा शोधताना तोच हाती लागला. दोघांनी पन्नाशीत नोकरी सोडली तर महिन्याला साडेपाच हजार कमी पडतात, म्हणून खाली लिहिलंय, 'अजून पाच वर्षं थांबू.'

थांबायची गरज नाही. खर्चाच्या यादीतली सातवी ओळ बघा: 'आईची औषधं, सहा हजार.' तिला जाऊन दीड वर्ष झालं. जुन्या यादीवरून नवी करताना ती ओळ खोडायला तुमचा हात धजला नसेल. मीही सकाळी तीनदा पेन उचललं आणि खाली ठेवलं. शेवटी खोडली. जया असती तर तिनेच खोडली असती, वर म्हणाली असती, "मी गेल्यावरही माझ्यावर खर्च? गणित कोणी शिकवलं रे तुला, अनिरुद्ध?"

नोकरी सोडा, जरा फिरू, असं ती मला सांगायची. मी सहा वर्षं 'पुढच्या वर्षी' म्हणत राहिलो. तुम्ही तसं करू नका.

आता उलट पाचशे उरतात. त्यांचं श्रीखंड आणायला चाललोय. रविवारी दुकानातलं श्रीखंड नऊलाच संपतं, म्हणून तुम्ही उठेपर्यंत थांबलो नाही. पुऱ्यांची कणीक भिजवून झाकून ठेवली आहे. मी येईपर्यंत दोघांचे राजीनामे लिहून ठेवा. तारीख उद्याची घाला, पुढच्या वर्षीची नको.

बाबा