सुमन, तू ‘मिळालं’ म्हणालीस ते

प्रिय सुमन,

आत्ताच तुझा तास घेऊन आलोय. हो, तुझाच! बोटांना खडू तसाच आहे, हात धुवावेसे वाटत नाहीत. घरात शेवटच्या दशहरी आंब्यांचा वास भरून राहिलाय, पंखा हळू फिरतोय, आणि या कलत्या दुपारी तू आतल्या खोलीत पेपर तपासत बसली आहेस असं मला सारखं वाटतंय. हाक मारली तर ते मोडेल, म्हणून लिहितोय.

तुमच्या कॉलेजच्या डायरेक्टरसाहेबांचा फोन आला होता. तुझ्या जागी नेमलेल्या मॅडम पुढच्या आठवड्यात येणार, तोवर पहिला तास मी घ्यावा म्हणाले. चिठ्ठ्यांचा तो खेळ मी दरवर्षी मागच्या बाकावर बसून पाहिलाय ना, म्हणून. मी रिटायर्ड बँकवाला, मला कसलं शिकवता येतंय? पण नाही म्हणायला जीभ रेटेना.

पहिलं वर्ष आठवतं? एमबीएची मुलं, कुणी हरदोईचं, कुणी सीतापूरचं. इंटरनेट म्हणजे इथल्या, लखनौच्या हज़रतगंजमधल्या सायबर कॅफेतला पडदा, एवढीच त्यांची समजूत. तू कॉम्प्युटर बंदच ठेवलेस. एका कागदावर एक वाक्य लिहिलंस, त्याचे तुकडे केलेस, तुकड्यांवर आकडे घातलेस आणि दिलेस सोडून मुलांच्या हातांत. पूर्ण रस्ता कुणालाच ठाऊक नाही, ज्याला त्याला फक्त आपला शेजारी ठाऊक. शेवटच्याने तुकडे जुळवायचे आणि उलट पोच पाठवायची, मिळालं म्हणून. पोच आली नाही तर तो तुकडा पुन्हा पाठवायचा. हेच इंटरनेट, म्हणालीस, बाकी नुसता थाट.

आणि एक तुकडा तू मुद्दाम पर्समध्ये लपवलास. तरी शेवटच्या मुलाने अदबीने सांगितलं, "जी मैम, मिल गया." वाक्य अर्धं आणि पोच पूर्ण! का, असं विचारलंस तर म्हणाला, मैम, आपको दोबारा तकलीफ़ होती. मी मागे हसू दाबून बसलो होतो. तू मात्र चिडलीस. सांगलीचा खणखणीत आवाज लावून, मोडक्या हिंदीत, नाही मिळालं तर नाही म्हणा, खोट्या पोचेने धंदा बुडतो, असं अर्धा तास सुनावलंस. पुढे दरवर्षी कुणी ना कुणी तेच करायचं, आणि पुढेपुढे तर तू त्याची वाट बघायचीस.

पण तू तरी कुठे सुटलीस? शेजारच्या मिश्रा भाभींचा फोन खरखरत होता. तारीख नीट ऐकू आली नाही तरी तू आपली "जी भाभी, अच्छा भाभी" करत राहिलीस. आपण नटूनथटून त्यांच्या नातवाच्या मुंडनाला हॉलवर गेलो तर दाराला कुलूप! जेवणावळ आदल्या दिवशीच उठली होती. रिक्षात तू इतकी हसलीस की रिक्षावाल्या भैयाने दोनदा वळून पाहिलं. मग अमीनाबादला जाऊन कुल्फी खाल्ली आपण, त्या भरजरी कपड्यांत.

म्हणून तर माझा जीव अडकलाय, सुमन. हॉस्पिटलमधल्या त्या शेवटच्या संध्याकाळी मी तुझ्या कानाशी वाकून म्हणालो होतो, "बदलीच्या गावाचं तू घर केलंस. माझं आयुष्य छान गेलं, तुझ्यामुळे." तू डोळे मिटूनच म्हणालीस, "मिळालं." एवढंच. तोंडावर मास्क, त्याची ती घरघर. तुला खरंच ऐकू आलं होतं? की मला पुन्हा बोलायचा त्रास नको म्हणून दिलेली ती लखनवी पोच होती? असं करतं का कोणी! वर्ष होत आलं, मी हेच उगाळतोय.

आज वाटलं होतं, मुलं हसतील. त्यांच्या खिशात अख्खं इंटरनेट, आणि हा म्हातारा चिठ्ठ्या वाटतोय. पण चिठ्ठ्या निघाल्या आणि मुलं पुढे सरसावली. पांढरे तुकडे हातोहात सरकत होते, खिडकीतून फिकट ऊन येत होतं, आणि मला क्षणभर कळेना की हे कुठलं वर्ष आहे. माझा मागचा बाक रिकामा होता. तिथे तू होतीस असं मी म्हणणार नाही. पण मी सगळा वेळ तिकडे बघूनच शिकवलं.

तेवढ्यात आफ़रीन नावाची एक मुलगी उठली. "सर, रसीद भी तो रास्ते में खो सकती है. फिर रसीद की रसीद चाहिए, फिर उसकी भी. आख़िरी वाले को कैसे पता चलेगा?"

तू काय सांगितलं असतंस? शेवटी म्हणालो, "नहीं पता चलता, बेटा. कहीं तो रुककर मान लेना पड़ता है."

बोललो, आणि ते मलाच ऐकू आलं. इतके महिने मी तुझ्या पोचेची पोच मागत होतो, नाही का?

आणि ऐक, गंमत तर पुढेच आहे. ती मुलगी 'जी सर' म्हणून खाली बसली नाही. नहीं सर, समझ में नहीं आया, असं सरळ म्हणाली. तुझ्या वर्गात! मी आनंदाने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

तर मी मानलं, सुमन. तुझं ते 'मिळालं' मी खरं धरलं. आता पुन्हा विचारणार नाही.

नव्या मॅडमना तुकडा कुठे लपवायचा ते दाखवून देईन, आणि पाय चालताहेत तोवर दर जुलैत त्या मागच्या बाकावर जाऊन बसेन, हा शब्द. या पत्राची पोच नको. उलट तू इतकी वर्षं जे जे पाठवत राहिलीस, त्याची पोच माझ्याकडून यायची होती, ती ही घे.

मिळालं. सगळं मिळालं.

तुझाच,
अरविंद