गाडी उलटी नेणारी मुलगी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुझी कंबर आता सरळ झाली असेल. इकडे दोन्ही काका एकाच वेळी खुशाल आहेत आणि सगळी पंचाईत तीच आहे.

बाबांच्या मागे मला वाढवलं ते या दोघांनी, एकाच शिंप्याच्या दुकानात, मधे पडदा लावून. थोरले पँट शिवतात, धाकटे शर्ट, आणि एकमेकांशी गिऱ्हाइकामार्फत बोलतात. (बिचारी गिऱ्हाइकं मापं द्यायला येतात आणि निरोप पोचवत बसतात.) माझं लग्न या दोघांच्या होकारावर अडलंय. मुलगी घाटातल्या गाडीची ड्रायव्हर. तिला कामावरच बघा म्हणून दोघांना गाडीत घातलं. थोरले मानाने पहिल्या डब्यात, धाकटे शेवटच्या, आणि मी मधे, जन्मभर आहे तसा.

आता तो चढ इतका खडा, की गाडी एका टोकाला जाऊन थांबते, सांधा बदलते आणि तिथून उलटी वर चढते. म्हणजे शेवटचा डबा पहिला. (हे मला ठाऊक होतं, पण प्रेमात माणसाची अक्कल गहाण पडते.) धाकट्यांनी खिडकीतून मान काढून मागे असं काही बघितलं, की थोरल्यांचं टाळकं सरकलं. पुढच्या टोकाला गाडी थांबताच ते उतरले, तरातरा चालत गेले आणि धाकट्यांच्या डब्यात घुसले. मान वसूल झाला. तेवढ्यात पुन्हा सांधा बदलला, गाडी पुन्हा उलट निघाली आणि दोघेही शेपटाला.

मग लांबलचक बोगदा, मिट्ट काळोख. त्यानंतरचा पूल असा वळतो, की मधल्या डब्यातून शेवटचा डबा समोर दिसतो. बघतो तर एकाच खिडकीत दोन टकलं, आणि चक्क बोलतायत. खरं सांगतो, मला रडू आलं.

घरी येऊन त्यांनी पहिलं काम केलं ते पडदा काढण्याचं. बाकी ठीक.

तुझा,
भाचा

ता.क. : दुसरं काम म्हणजे एकमताने नकार. जी गाडी सरळ नेत नाही, ती संसार काय सरळ नेणार, म्हणे. आजवर एक नाही म्हणाला की दुसरा हट्टाने हो म्हणायचा. माझी सायकल, माझी नोकरी, सगळं त्याच जोरावर झालं. आता कुणाकडे जाऊ? मला तर हीच मुलगी हवी.

ता.क. दुसरा : थोरल्यांची शिलाई धाकटे गोणपाटाची म्हणतात, असं मागे तूच थोरल्यांच्या कानात सांगितलं होतंस ना? कंबर बरी असेल तर चार दिवस येऊन जा. पडदा मी धुऊन ठेवला आहे.