पुठ्ठ्यावरचं ग्वांगझू

यान्बू, सौदी अरेबिया, शुक्रवार, मगरिबच्या नमाजानंतर

आज जीव नुसता हरखलाय. दुकानाच्या मालासाठी पुढच्या महिन्यात ग्वांगझूला जायचंय, आणि शेजारच्या गाळ्यातल्या युसुफनं, तो तिथलाच मुसलमान, पुठ्ठ्यावर नकाशा काढून दिला. बाजारामागची गल्ली, सायकलवाल्याशेजारचा जिना, वर एका म्हातारीची खाणावळ. हातानं ओढलेल्या शेवया, मटणाचा रस्सा. हलाल, आणि स्वस्त! "पाटी नाही, चाचा. हमाल चढतात तिथं चढा."

गेल्या खेपेला काय केलं मी? हलालच्या धास्तीनं आठ दिवस बायकोनं, हमीदानं, बांधून दिलेल्या चपात्या आणि जवळ्याची चटणी. शेवटी चपात्यांचे पापड झाले. एवढं मोठं शहर, आणि तिथलं चाखलं काहीच नाही.

"या वेळी चपात्या नकोत," म्हटलं, तर हमीदाचं तोंड एवढंसं झालं. "माझ्या हातचं नको झालं वाटतं?" मग पुठ्ठा दाखवला. जिना, म्हातारी, रस्सा, सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि उठून आत गेली. दुखावली का? उगाच बोललो का?

आता लिहायला बसलो, तर पुठ्ठ्यावर तिचा पासपोर्ट ठेवलेला.

उद्या युसुफला विचारलं पाहिजे, जिना फार उभा नाही ना? हिचे गुडघे दुखतात.