बाबांच्या शेजारची जागा

१२ मार्च

जळते मी मारिटवर. हो, जळते! लिहूनच टाकते एकदाचं, इथे कोण वाचायला येतंय.

आज बाबांचा वाढदिवस. आईकडे खुर्च्या गोल मांडलेल्या. शिरल्या शिरल्या एकेकाशी हात मिळवायचा, एकेकाचं अभिनंदन करायचं — वाढदिवस एकाचा, अभिनंदन अख्ख्या खोलीचं. कॉफी, केकचा एक तुकडा, आणि बाबांच्या शेजारच्या खुर्चीत कोण? आमची धाकटी, मारिट! बाबांच्या कपातली साखर तिने ढवळली, केकसुद्धा तिनेच बारीक करून दिला. मी समोर, दारातल्या वाऱ्यात. बाबांना काही विचारलं की उत्तर आई द्यायची. बाबा नुसते हसायचे, एखाद्या पाहुणीकडे बघून हसावं तसे.

वर मारिट म्हणते, "यंदाही आम्ही पूर्ण उन्हाळा आईबाबांच्या शेजारीच." तेही उसासा टाकून. उपकारच करतेय जणू!

नदीकाठच्या त्या कॅम्पिंगवर आईबाबांची कॅराव्हॅन, गाडीमागे ओढायचं ते चाकांवरचं घर, आम्ही शाळेत होतो तेव्हापासून एकाच जागी उभी राहते. उजव्या हाताला मारिटची. आणि आम्ही तंबूवाले! पार टोकाला, संडासांच्या इमारतीमागे. गेल्या वर्षी पावसात यूपची गादी अक्षरशः तरंगली. दोन वर्षांचं पोर ओलं होऊन रडतंय, आणि मारिटची जुळी बाबांच्या, म्हणजे त्यांच्या ओपाच्या, मांडीवर बसून पत्ते खेळतायत. फेना विचारत होती, "आई, ओपा फक्त त्यांचेच आहेत का?" पाच वर्षांची आहे ती. काय सांगू तिला?

१३ मार्च

माझा नवरा हारमेन म्हणाला, "तुला नक्की काय हवंय? कॅराव्हॅन की मारिटची जागा?"

म्हटलं, दोन्ही.

२१ मार्च

देव आहे! आईबाबांच्या डाव्या हाताच्या जागेवरचे म्हातारा-म्हातारी यंदा येत नाहीत. कॅम्पिंगच्या बाईंना लगेच फोन केला. "त्या रांगेत तंबू चालत नाही. कॅराव्हॅन आणा, जागा तुमची." एवढंच बोलल्या आणि ठेवला.

मग आईला फोन. वाटलं होतं, नाचेल. तर म्हणे, "इतक्या जवळ कशाला ग? मुलांना तिकडचं मैदानच बरं. मोकळं खेळतात." मोकळं! मारिटच्या मुलांना नाही लागत ते मैदान?

फोन ठेवून भांडी घासली. एक कप फुटला.

६ एप्रिल

शोध सुरू. एक पाहिली, आत वाळवी लागल्यासारखी भोकं. दुसरीत मांजराचा वास. तिसरी सुंदर, पण आमची गाडी ती ओढूच शकणार नाही. यूप प्रत्येक कॅराव्हॅनमधल्या संडासाचं झाकण उघडतो आणि आनंदाने आत काहीतरी टाकतो.

१९ एप्रिल

बाबांना म्हटलं, चला ना माझ्याबरोबर बघायला. मारिटने घेतली तेव्हा गेले होते ना! एकेक भिंत अंगठ्याने दाबून पाहिली होती, गाद्या उचलून ओलीचा वास घेतला होता. विकणारा घामाघूम झाला होता म्हणे. ती गोष्ट मारिट अजून चघळते.

फोनवर आईच. "नाही ग येणार ते. कंबर धरलीय."

२० एप्रिल

घरच्या ग्रुपवर फोटो — बाबा मारिटच्या बागेत पानं गोळा करतायत. वाकून!

कंबर धरलीय म्हणे. माझ्यासाठी धरलीय, तिच्यासाठी सुटलीय. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे ऐकलं होतं, पण मीही त्यांचीच की!

१० मे

घेतली!!

ड्रेन्थमध्ये एका शेतकऱ्याच्या गोठ्यात उभी होती. क्रीम रंगाची, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, मागे मुलांसाठी वर-खाली दोन बिछाने. फेना चढून बसली ती उतरेच ना. "ही माझी, खालची यूपची." हारमेनने बाबांच्या थाटात अंगठ्याने भिंती दाबल्या, गंभीर चेहऱ्याने "हं" म्हणाला. त्याला काय कळलं ते त्याचं त्याला ठाऊक. मालक म्हणाला, "इंग्लंडहून आलीय. एका आजीबाईंनी जपून वापरलेली." मला तर ते ऐकूनच बरं वाटलं. इंग्रजी म्हणजे मजबूत!

मारिटला लगेच फोटो. तिने अंगठा पाठवला. बऱ्याच वेळाने — "छान. म्हणजे खरंच शेजारी येताय?"

येतोय! जळ म्हणावं आता तू.

२ जून

पडदे धुतले. कपाटात आमचे कप, आमच्या बशा, चॉकलेटच्या दाण्यांचा डबा. घरासमोर उभी आहे तर मुलं जेवायलासुद्धा आतच बसतात. मी मनात चित्र रंगवते — मी दार उघडते, समोर आईची खिडकी, बाबा कॉफीचा कप घेऊन सरळ माझ्याकडे. माझ्याकडे! मारिट पलीकडे बसून बघतेय.

शेजारची ट्रूस येऊन गेली. भोवती फिरली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. जळते, दुसरं काय.

५ जुलै

काय हे! काय हे!!

पोचलो. रिव्हर्स घेताना हारमेनने आधी झुडूप घेतलं, मग पाण्याचा नळ. लोक आपापल्या खुर्च्या वळवून बघत बसले, कॉफीसकट. शेवटी नेहमीप्रमाणे सगळे पुरुष उठले, गाडी सोडवली आणि हातांनी ढकलत आमचं घर जागेवर नेलं. मी पुढे धावले, ऐटीत दार उघडायला. दार कुठेय? आईच्या बाजूला कोरी भिंत!

दार पलीकडे. इंग्रज डावीकडून गाड्या चालवतात, म्हणून त्यांच्या कॅराव्हॅनचं दारही डावीकडे. आमच्या सगळ्यांची उजवीकडे. अख्ख्या कॅम्पिंगला हे माहीत, फक्त आम्हा दोन शहाण्यांना नाही! रांगेतली आमची जागा शेवटची. म्हणजे दार उघडलं की समोर कुंपण, त्यातली फट आणि नदीकडे जाणारी पायवाट. आईबाबांकडे आमची पाठ!

हारमेन म्हणाला, फिरवून लावू. कॅम्पिंगच्या बाई म्हणाल्या, "ओढायचा दांडा रस्त्याकडेच. आग लागली तर ओढून काढता यायला हवी. सगळ्यांना एकच नियम."

मारिटचा नवरा बास हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला. "योरीन, तू नदीशी शेजार केलास का ग?" मारिट मात्र हसली नाही. ती कुंपणातल्या फटीकडेच बघत होती.

बाबांनी माझ्याशी हात मिळवला. म्हणाले, "प्रवास ठीक झाला ना तुमचा?" तुमचा! मुलीशी कुणी हात मिळवतं?

आत जाऊन पडदे ओढून रडले. त्या फुलाफुलांच्या पडद्यांचा इतका राग आला!

७ जुलै

दोन दिवस हेच. मला आईकडे कॉफीला जायचं तर अख्ख्या घराला वळसा. पोचेपर्यंत बिस्किटांचा डबा बंद झालेला. एकेक बिस्किट, की डबा बंद — आईचा नियम. मारिटची खुर्ची तिथे आधीपासून मांडलेली, बाबांना टेकूनच.

मुलं खूश आहेत, ते एक बरं. फेना बिछान्यातून उतरतच नाही.

८ जुलै

पहाटे यूपने उठवलं. दार उघडून पायरीवर बसले. बघते तर कुंपणातल्या फटीतून बाबा निघालेत नदीच्या वाटेने! आणि मागोमाग मारिट. झोपायच्या कपड्यांवर रेनकोट, हातात पावाची पिशवी.

अच्छा! म्हणजे हे असं चालतं तर. पहाटेची फेरी. दोघंच. येताना दुकानातून ताजे पाव. मला कुणी सांगेल? छे! लहानपणी बाबांबरोबर नदीवर मी जायचे. मी! मारिटला तर लवकर उठवतच नसे.

दिवसभर कुणाशी धड बोलले नाही. आईने विचारलं, "बरं नाही का तुला?" म्हटलं, "मला काय धाड भरलीय!"

९ जुलै

आजही गेले. आज बाबा पुढे, ती चांगलीच मागे. रुसवेफुगवे चालू आहेत वाटतं दोघांचे. मला एवढा आनंद झाला की माझीच मला लाज वाटली. थोडीच.

उद्या मी जाणार. तिच्या आधी. बूट पायरीवरच ठेवलेत.

१० जुलै

लिहिते कसंबसं.

बाबा फटीतून बाहेर पडले आणि मी उठले. हाक मारायला तोंड उघडलं तोच मागून कुणीतरी बाही ओढली. मारिट. धापा टाकत होती. "हाक मारू नकोस! दचकले की पाण्याकडे वळतात."

काय बोलतेय हेच कळेना मला. तेव्हा पाहिलं — बाबांच्या एका पायात चप्पल, दुसऱ्यात आईची सपात. पायजमा उलटा.

मारिट भराभर चालत पुढे गेली, त्यांच्या बाजूने निघाली, सहज भेटल्यासारखी. मी मागे, झाडाला धरून. सगळं ऐकू येत होतं.

"कुठे निघालात?"

"योरीनची शाळा सुटेल. थांबते ती कोपऱ्यावर. पाऊस यायचाय."

"मी आलेच की, बाबा."

बाबा थांबले. तिच्याकडे बघितलं. सगळा चेहरा उजळला त्यांचा. "आलीस होय, योरीन? दमलीस? आण ते दप्तर इकडे." आणि तिच्या हातातली पावाची रिकामी पिशवी घेऊन त्यांनी खांद्याला अडकवली. मारिटने त्यांचा हात धरून त्यांना हळूच वळवलं. माझ्या अंगावरून गेले दोघं. बाबा मला म्हणाले, "गुड मॉर्निंग, बाई."

नंतर मारिट माझ्या पायरीवर येऊन बसली. मी कॉफी केली. साखर घालायला विसरले, तिने तशीच प्यायली.

म्हणाली, गेल्या उन्हाळ्यापासून हे असं आहे. रोज पहाटे. आई रात्रभर जागी असते, तिच्याने होत नाही, म्हणून ही झोपते दाराकडे कान लावून. पूर्ण उन्हाळा! घरीसुद्धा दिवसाआड जाते. बागेतली पानं, केकचे तुकडे, सगळं तेच.

मी ओरडलेच तिच्यावर. "मला का नाही सांगितलं? मी कुणी नाही का त्यांची?"

"बाबांनीच सांगितलं होतं, भानावर असताना. म्हणाले, योरीनला कळू देऊ नका. एका पोरीसमोर तरी मला बाप राहू दे." मग म्हणाली, "तुला वाटतं मला मजा येते? तुझा राग येतो मला, योरीन. इतका राग येतो! रोज उठून मी जाते, आणि रोज मी तू असते. एकदा, एकदा तरी मारिट म्हणावं ना त्यांनी! तू काहीही न करता रोज आहेस तिथे."

इतकी वर्षं मी हिच्यावर जळले.

यूप आला आणि तिच्या मांडीवर चढला.

११ जुलै

आईशी बोलले. तिने नाकारलं नाही, नुसती बिस्किटांचा डबा उघडाच ठेवून बसली.

हारमेनला सांगितलं, आपण पूर्ण उन्हाळा थांबतोय. तो "हो" म्हणाला. मी काम करते त्या दातांच्या दवाखान्यात रजेसाठी फोन केला. मारिटला म्हटलं, उद्यापासून तू झोप. नदीची वाट माझ्या दारासमोर आहे, मला दिसतात ते. ती म्हणाली, "मला झोप लागेल का आता?" संध्याकाळी खुर्चीतच घोरत होती, तोंड उघडं टाकून.

१२ जुलै

गेले मी. हाक नाही मारली, सहज भेटल्यासारखी बाजूने निघाले. बाबांनी वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मारिट! तू कशाला उठलीस ग एवढ्या लवकर, माझी राणी?"

घरी आणलं त्यांना, आईच्या हवाली केलं, आणि तशीच पळत जाऊन मारिटचं दार बडवलं. ऊठ ग, ऊठ! तुझं नाव घेतलं त्यांनी!