उजव्या पायाचा कागद

अहो सायलीचे बाबा,

चार वर्षं झाली तुम्हाला जाऊन. दर वर्षी वसंत भाऊजी तुमच्या फोटोला हार घालतात, तुमच्या कबड्डीच्या गोष्टी सांगतात आणि मी गप्प बसते. आज लिहायला बसले, कारण मंगळवारी रोह्याला गेले होते आणि तिथे तुमचा खोटेपणा डोळ्यांनी पाहून आले. गोड काही वाचायला मिळेल अशी आशा ठेवू नका. तुम्हाला गोड तसंही वर्ज्यच होतं.

आधी माझं सांगते. साखर आता मलाही आहे. तळव्यांना काही कळेनासं झालंय. गेल्या महिन्यात चपलेत खडा घेऊन दिवसभर चालले, संध्याकाळी पाय धुताना पाणी लाल झालं तेव्हा समजलं. पेणच्या डॉक्टरीणबाईंनी आरशात जखम दाखवली. म्हणाल्या, पायाच्या मापाचे बूट शिवून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी अंगठा जाईल. दुकानातले तयार बूट चालणार नाहीत. असं काम कोण करतं, मी विचारलं. त्यांनी चिठ्ठीवर नाव लिहिलं. रोह्याचे रघुनाथ मिस्त्री!

तुम्हाला हसू आलं असेल ना?

ज्या माणसाला मी चार वर्षं शिव्या दिल्या, तोच. तुमच्या तेराव्यानंतर मी रोह्याला जाऊन त्याच्या दुकानासमोर उभी राहून ओरडले होते की तू माझ्या नवऱ्याला मारलंस. सायलीच्या लग्नासाठी तुम्ही त्याच्याकडून काळे बूट शिवून घेतलेत. डाव्या बुटाने फोड आला, फोडाची जखम झाली, आधी बोटं गेली, मग गुडघ्याखालचा पाय गेला, मग तुम्ही गेलात. मी आपल्या गडब गावात घरोघर सांगितलं की त्याच्याकडे जाऊ नका, त्याला माप कळत नाही. आणि लोकांनी ऐकलं. आपल्या गावातून त्याच्याकडे कोणी जाईनासं झालं.

का सांगितलं मी असं? तुमच्यावर विश्वास ठेवला म्हणून. तुमचा डावा पाय कसा होता ते मला माहीत होतं. जत्रेच्या सामन्यात मोडला, हाडवैद्याने वाकडा बसवला, पंजा पसरला, बोटं एकमेकांवर चढली. गावाला तो पाय तुम्ही कधी दाखवला नाहीत. दोन नंबर मोठा बूट घेऊन उजव्यात चिंध्या कोंबायच्या आणि धाटावच्या कंपनीत आठ तास उभं राहायचं! मी तुम्हाला विचारलं होतं, मिस्त्रींना पाय दाखवलात ना? तुम्ही म्हणालात, "दाखवला गो. नीट हात फिरवून बघितला त्यांनी." मग पाय बघूनही ज्याने असा बूट शिवला, त्याच्याबद्दल मी काय चांगलं बोलणार होते?

मंगळवारी गेले तेव्हा तोंडावर पदर ओढून गेले. मिस्त्री खूप थकलेत. त्यांनी जमिनीवर कागद पसरला. मापाच्या कागदावर वर नाव आणि गाव लिहायची त्यांची पद्धत आहे. गाव विचारल्यावर मी बेधडक दुसऱ्याच गावाचं नाव सांगितलं, जिते. तुमच्यासोबत राहून मलाही तुमचीच सवय लागली असणार.

त्यांनी पेन्सिल थांबवली. "ताई, गडब लिहू का?" वर बघितलंही नाही.

मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. मी खुर्चीवरूनच पाय पुढे केला, तर म्हणाले, "बसून नाय. उभ्यानं. दोन्ही पाय टेका. अंगाचा भार पडला की पाय पसरतो, तो खरा पाय." मी उभी राहिले. त्यांनी गुडघ्यावर बसून माझ्या भेगाळलेल्या, मिठागरात कुजून निबर झालेल्या पायांभोवती पेन्सिल फिरवली. जखमेपाशी आल्यावर हात हलका केला. माझ्या पायांकडे एवढं लक्ष देऊन आजवर कोणी बघितलं नव्हतं. तुम्ही तर नाहीच.

मग मला राहवलं नाही. विचारलं, माझ्या नवऱ्याच्या वेळी असं का केलं नाहीत?

ते पेन्सिल तासायला लागले. मी पुन्हा विचारलं. शेवटी उठून मागच्या फळीवरून एक गठ्ठा काढला. त्यांनी आजवर घेतलेलं प्रत्येक माप त्यात आहे. तुमचा कागद माझ्या हातात दिला आणि स्वतः पाणी प्यायला आत गेले.

दोन पाय. दोन्ही सरळ, देखणे, देवाच्या पावलांसारखे. दोन्हींची करंगळी एकाच जागी आत वळलेली. तुमच्या उजव्या पायाची करंगळी! उजवा पायच कागदाच्या मागून उलटा गिरवून त्याचा डावा केला होता, काचेवर धरून गिरवतात तसा. खाली मिस्त्रींच्या अक्षरात लिहिलं होतं, "स्वतः आले नाहीत. भावाने कागद आणला. दोन्ही उजवेच वाटतात. दोनदा निरोप दिला, हेच माप म्हणतात."

मी सायलीच्या पुस्तकांवरून वाचायला शिकले तेव्हा तुम्ही विचारलं होतं, या वयात वाचून काय करणार? हे वाचलं बघा.

व्याह्यांसमोर पाय वाकडा दिसू नये म्हणून बुटाला खोटं माप! आणि जो पाय त्या मापात बसत नव्हता, तो कोंबलात. लग्नघराच्या दारात दुपारपर्यंत हात जोडून उभे राहिलात. मोजा जखमेला चिकटला तरी आठ दिवस मला तेल लावू न देता लपवलंत. कसला हा मर्दपणा? चढाईला जाऊन सात जणांना अंगावर घेणारा माणूस एका म्हाताऱ्या मिस्त्रीसमोर मोजा काढायला घाबरला!

मिस्त्री बाहेर आले तेव्हा मी विचारलं, मी एवढं बोलले, हा कागद माझ्या तोंडावर का नाही मारलात? म्हणाले, "गिऱ्हाईकाचा पाय चारचौघांत काढायचा नसतो, ताई. आमच्यात तशी रीत नाय." पुढे म्हणाले, चूक माझी पण हाय. पाय बघितल्याशिवाय शिवायला नको होता.

त्यांची चूक म्हणे! मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण ते पेन्सिल घेऊन पुन्हा माझ्या पायांपाशी बसले होते.

घरी येऊन तुमच्या वसंताला धरलं. आधी काही आठवत नाही म्हणाला. मग म्हणाला, "दादानी मना शपथ घातली व्हती, वयनी." पेन्सिलही त्यानेच धरली होती. आणि हाच माणूस तुमच्या चितेपाशी मिस्त्रीचे हात तोडायची भाषा करत होता. मी त्याला म्हटलं, भाऊजी, तुम्ही शपथ नाही पाळलीत, स्वतःचं कातडं सांभाळलंत. तेव्हापासून जेवायला आला नाही. जेवण उरतं, ते कुत्र्याला घालते. कुत्रं निदान शेपूट हलवतं.

एक विचारू? सव्वीस वर्षं रोज संध्याकाळी मी तो पाय मांडीवर घेऊन तेल चोळलं. एकेक बोट सोडवून चोळलं. मला कधी लाज वाटली नाही. मग तुम्हाला कोणाची वाटत होती? मला न वाटलेली लाज तुम्ही कुठून आणलीत हो?

येत्या रविवारी वसंताने तुमच्या नावाने कबड्डीचे सामने ठेवलेत. हायवेला बॅनर लागलाय, त्यावर तुम्ही कमरेपर्यंतच आहात. बक्षीस माझ्या हातून द्यायचं आहे. मिस्त्रींना मी सांगितलं की तिथे सगळं बोलणार. ते म्हणाले, नको ताई, गेलेल्या माणसाचं कशाला.

पण ती रीत त्यांच्या धंद्याची आहे. मी बायको आहे. माझे बूट तयार व्हायला अजून तीन आठवडे आहेत, तोवर पायाला पट्टी बांधून हिंडते आहे. तशीच मैदानात जाईन. गावाला सांगेन की बूट मापाप्रमाणेच शिवला होता, माप खोटं होतं, आणि मी एका भल्या माणसाचं नाव घालवलं. तुमचा डावा पाय कसा होता तेही सांगेन, एकेका बोटासकट. कोणी हसलं तर हसू दे. तुम्ही त्या हसण्याला एवढे भ्यालात की जीव दिलात. मला बघायचंच आहे कोण हसतं ते.

हे मी करणार. शब्द देते.

तुमची,
मंदा