हॉटस्पॉट असताना वायफाय कशाला?

३ मार्च
वडगावातली ही खोली झकास. खाली घरमालकीण आक्काताईंचे यंत्रमाग, वर आम्ही दोघं बीसीएवाले. मी आणि जांबोटीचा मंथन. आज मंथन म्हणाला, दोघांत मिळून वायफाय घेऊ. मी साफ नाही म्हटलं. खिशात हॉटस्पॉट असताना भिंतीला भोकं कशाला पाडायची? त्याच्या गावात रेंज नसते, म्हणून त्याला कौतुक. बिचारा.

५ मार्च
मंथननं एकट्यानंच वायफाय घेतलं. पासवर्ड सांगायला लागला. मी कानात बोटं घातली. तत्त्व म्हणजे तत्त्व.

५ मार्च, दुपारी
हॉटस्पॉट उत्तम चालतो. फक्त खिडकीत. फोन गजाला टेकवून. माग सुरू झाले की खिडकी थरथरते, फोन घसरतो, नेट जातं. यात हॉटस्पॉटचा दोष नाही.

८ मार्च
खोलीभर फिरून रेंजचा अभ्यास केला. सगळ्यात चांगली कपाटावर. कपाटावर बसून जावा शिकता येत नाही, हे आज कळलं. मंथन कॉटवर लोळत लेक्चर बघतो. अशा आरामानंच माणूस बिघडतो.

११ मार्च
पुण्याच्या कंपनीचा मेल! अठराला ऑनलाइन इंटरव्ह्यू. मंथनलाही आलाय, पण असो. निपाणीला घरी आप्पांना फोन केला. लई खूश झाले. तारीख मुद्दाम सांगितली नाही. सांगितली की ऐन वेळी आशीर्वादाचे फोन येणार आणि नेट तुटणार. एवढा पुढचा विचार कोण करतो?

१६ मार्च
जागा सापडली. गच्ची! रेंज फुल्ल. आक्काताई सुताच्या लडी वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "आत मंथनकडं नेट हाय म्हनं. उन्हात कशाला मरतोस रं?" त्यांना टेक्नॉलॉजी समजावून सांगितली. त्या लडी उलटवत राहिल्या.

१८ मार्च, सकाळी
वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्मुडा. मंथन खोलीतच बसणार. पुन्हा म्हणाला, "वृषभ, पासवर्ड घे की रं. हट्ट सोड." हट्ट नाही, आत्मविश्वास आहे.  उगाच गच्चीवर तीनदा जाऊन आलो.

१८ मार्च, संध्याकाळी
सुरुवात फर्डी झाली. स्वतःबद्दल सांगा म्हणाले. दहावीपर्यंत आलो आणि फोन तापला. तापमान जास्त आहे असं स्क्रीनवर आलं, फोन बंद. ओल्या टॉवेलात गुंडाळला. आक्काताई सुपानं वारा घालायला लागल्या. शेवटी लॅपटॉप घेऊन खाली पळालो, मंथनचा पासवर्ड मागायला.
दाराला आतून कडी. त्याचा इंटरव्ह्यू चालू होता. आतून हसण्याचे आवाज येत होते, त्याचा आणि त्या साहेबांचाही. दार वाजवायला हात उचलला. नाही वाजवलं. जिन्यात बसून राहिलो.

२० मार्च
मंथनला घेतलं. मला मेल: आपण मुलाखत अर्ध्यावर सोडून गेलात. वडगावचं ऊन पुण्यात बसून कसं कळणार! अशी कंपनी मलाच नको होती. मंथननं तोंड गोड करायला कुंदा आणला. दोनदा घेतला. राग कंपनीवर आहे, कुंद्यावर नाही.

२४ मार्च, निपाणी
सुट्टीला घरी आलो. घराच्या पुढच्या सोप्यात नवा डबा, त्यावर हिरवा दिवा. आईनं वर विणलेला रुमाल घातलाय. आप्पांनी वायफाय बसवून घेतलं. म्हणाले, "तुझ्या इंटरव्ह्यूसाठी. हितंच बसून दे. कवा हाय?"
"पुढच्या आठवड्यात," तोंडातून गेलं.
आप्पांनी लगेच टेबल पुसायला घेतलं.
घरात कुठंही बसलं तरी नेट फुल्ल. पण कुठंच बसवत नाही. आठवड्याभरात कुठल्यातरी कंपनीनं बोलवायला पाहिजे.