व्हर्नाबाईंचं प्लास्टिकचं पिस्तूल

प्रिय बाबा,

मी मजेत आहे, काळजी नसावी. नेवाडात पिस्तूल जवळ बाळगायचा माझा परवाना संपत आला होता. राहते आयडाहोत, पण नूतनीकरणाची परीक्षा नेवाडातच द्यावी लागते, म्हणून ट्रक घेऊन इथे एल्कोला आले. पास झाले.

शिकवायला आणि परीक्षा घ्यायला व्हर्नाबाई होत्या, तुमच्याच वयाच्या. मी पिस्तूल उघडून रिकामं दाखवलं, तरी हातात घेतल्यावर त्यांनी पुन्हा उघडून पाहिलं. "विश्वास आहे गं, तरी बघायचं," म्हणाल्या. अगदी तुमच्यासारख्या.

त्यांचं स्वतःचं मात्र प्लास्टिकचं, नुसतं शिकवण्यापुरतं. "हात थरथरायला लागले तसं खरं लेकीला देऊन टाकलं," असं हसत सांगितलं. एवढी हिंमत मी क्वचितच पाहिली.

आई म्हणते, हल्ली तुमच्या हातून कॉफी सांडते. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी येतेय. तुमचं पिस्तूल उघडून दाखवा आणि माझ्या हातात द्या. मी पुन्हा उघडून बघेन.

तुमचीच,
डार्ला